रानातला एक दिवस

मूळ लेखातले एक वाक्य त्या दिवशी सकाळपासून माझ्यापुढे अडून बसले होते. कुटुंबातल्या सर्वांनी आठवड्यातून काही वेळ घराबाहेर, निसर्गात, घाई न करता एकत्र घालवावा, एवढाच त्याचा आशय. ह्या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे भाषांतर आणि संपादन करता करता असली वाक्ये मी शेकडोंनी मराठीत आणली आहेत. पण ह्या वाक्याला काही केल्या मराठी अंगरखा बसेना. ‘घराबाहेर’ म्हटले की डोळ्यांसमोर कचेरी आणि बाजार येतो. ‘मोकळ्या हवेत’ म्हणावे, तर दमेकऱ्याला डॉक्टरांनी दिलेल्या सल्ल्यासारखे वाटते. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हा प्रयोग तर शाळेच्या सहलीवरील निबंधांनी पार झिजवून टाकला आहे. शेवटी एक शब्द सुचला तो माझा नव्हे, माझ्या सासऱ्यांचा: ‘रानात’.

मराठवाड्यात रान म्हणजे अरण्य नव्हे. रान म्हणजे आपले शेत. ‘मामा कुठे गेले?’ असे विचारले की ‘रानात’ हे उत्तर, आणि त्या एका शब्दात काम, विसावा, भाकरी, झाडाची सावली, शेजाऱ्याशी बांधावरचे बोलणे हे सगळे येते. तो शब्द काही त्या लेखात बसला नाही. पण त्याच्यामागोमाग जे आठवले, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

आम्ही राहतो ते हिनकल म्हैसूरच्या वायव्येस, हुणसूर रस्त्याला लागून आहे. नन्नेश्वराच्या जुन्या देवळाभोवती अजून गावपण टिकून आहे. चार पावले पलीकडे गेले की वर्तुळाकार रस्ता, त्यावरचा उड्डाणपूल, आणि एकासारखी एक दिसणारी नवी घरे. ह्यांची नोकरी जवळच्या कारखान्यात, म्हणून आम्ही इकडे आलो. मुलगी इथेच वाढली. मराठी तिला येते, पण ती स्वयंपाकघरातली मराठी: जेव, आवर, झोप. तिचे खेळणे, भांडणे, गुपिते सगळी कन्नडमध्ये.

२०२३ च्या दिवाळीनंतर मामा आमच्याकडे राहावयास आले. सासूबाई त्याच वर्षी गेल्या. लातूर जिल्ह्याच्या अगदी कडेला, कर्नाटकाच्या सीमेजवळ आमचे गाव. तिथले सात एकर रान मामांनी बटाईने दिले, घराला कुलूप घातले, आणि एक वळकटी व एक पिशवी घेऊन ते हिनकलला उतरले. कोणी त्यांना काही कमी पडू दिले नाही. पण माणूस कधी कधी काही कमी न पडल्यानेच आक्रसत जातो. सकाळी अंघोळ, गीताईचा एक अध्याय, आणि मग दिवसभर सज्जातली खुर्ची. सज्जापुढे दुसऱ्या इमारतीची भिंत. पाणी हवे असले तरी ‘जमल्यास’ म्हणून मागत. आपल्याच मुलाच्या घरी ते पाहुण्यासारखे जपून वागत, आणि पाहुण्याशी जसे बोलावे तसेच आम्ही त्यांच्याशी बोलत होतो.

आणखी एक गोष्ट घरात होती, तिचे नाव कोणी घेत नव्हते. ह्यांना हिनकलमध्येच एक छोटी सदनिका घ्यायची होती. पैशाचा मेळ बसायचा, तर गावचे रान विकावे लागणार होते. ह्यांनी हे मामांना कधी विचारले नाही, मामांनीही विषय काढला नाही. पण दोघेही जेवताना ताटातून मान वर करीत नसत, त्यावरून ते दोघांनाही ठाऊक असावे.

आजोबा आणि नात ह्यांच्यामध्ये दुभाषी मी. दिवसा मासिकाचे भाषांतर, संध्याकाळी घरचे. २०२४ च्या पावसाळ्यात एकदा मुलगी जिन्यात मैत्रिणीला काही सांगत होती. मैत्रिणीने आजोबांबद्दल काही विचारले असावे. मुलगी हसून म्हणाली, ‘‘तातनिगे एनू गोत्तिल्ल.’’ म्हणजे, आजोबांना काही म्हणता काही कळत नाही. मामांनी सज्जातून विचारले, ‘‘काय म्हणतेय पोर?’’ मी म्हटले, ‘‘आजोबा दमलेत, असं म्हणाली.’’ माझ्या धंद्यात जाणूनबुजून केलेले चुकीचे भाषांतर हे पाप समजतात. मामा ‘‘बरं’’ म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे पाहू लागले.

आम्ही प्रयत्न केले नाहीत असे नव्हे. रविवारी सकाळी सर्वांनी कुक्करहळ्ळी तळ्यावर जायचे, असा नेम आम्ही त्याच वर्षी सुरू केला होता. १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी बांधविलेले हे तळे आज विद्यापीठाच्या कुशीत आहे. कवी कुवेंपू विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि ह्या परिसराला ‘मानसगंगोत्री’ हे नाव त्यांनीच दिले. तळ्याकाठी ते नित्य फिरावयास येत, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. जागा अतिशय रम्य. पण आमच्या त्या रविवारांत रम्य असे काही नव्हते, कारण आम्ही आठवड्याच्या घाईचा एक तुकडा तिथे घेऊन जात होतो. ह्यांचे लक्ष मनगटावरच्या घड्याळात, किती पावले झाली ते मोजण्याकडे. मुलगी पुढे पळालेली. मी मामांच्या बरोबरीने चालायचे म्हणून हळू चालणारी, आणि त्यांना ते कळू नये म्हणून धडपडणारी. फाटक बंद होण्यापूर्वी फेरी पुरी करून घरी यायचे, की झाले कौटुंबिक सुख!

चौथ्या की पाचव्या रविवारी मामा अर्ध्या वाटेत बाकावर बसले आणि म्हणाले, ‘‘प्रदक्षिणा घालायला हे काय देऊळ आहे? तुम्ही या जाऊन.’’ नाइलाजाने आम्हीही बसलो. पहिला पाव तास अवघड गेला. नुसते बसण्याची आम्हाला सवय राहिलेली नव्हती. मग मुलीने पाण्यावरच्या एका मोठ्या पांढुरक्या पक्ष्याकडे बोट दाखवून ‘‘हेज्जार्ले!’’ म्हटले. मराठी पक्षिग्रंथांत त्याला झोळीवाला म्हणतात, कारण चोचीखाली त्याची झोळी लोंबते. तो पाण्यात चोच खुपसून झोळी भरतो, मग चोच छातीशी टेकवून पाणी गाळून टाकतो आणि मासा तेवढा गिळतो. दूर काळे पक्षी पोहत होते, कपाळावर पांढरा टिळा. त्यांना आपल्याकडे ‘वारकरी’ म्हणतात हे मी सांगितले, तेव्हा मामांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिले. त्यांनी स्वतः कितीतरी आषाढ्या केलेल्या. म्हणाले, ‘‘ह्यांची दिंडी कुठली म्हणायची?’’ मुलीला विनोद कळला नाही, मला तो समजावून सांगावा लागला, आणि समजावलेल्या विनोदाचे जे होते तेच झाले. पण आम्ही त्या दिवशी दोन तास बसलो.

डिसेंबरच्या मध्यास एके दिवशी मामा भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढे फार वेळ उभे राहिलेले मुलीने पाहिले. ती मला येऊन म्हणाली, ‘‘आजोबा एकच पान वाचतायत.’’ मी तारीख पाहिली. ३० डिसेंबर, सोमवार: मार्गशीर्ष अमावास्या. म्हणजे वेळ अमावास्या.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांबाहेरच्या वाचकांना हा सण कदाचित माहीत नसेल. दिवाळी-दसरा घरात होतात, हा सण रानात होतो. त्या दिवशी सबंध घर कुलूप लावून शेतावर जाते. लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. पुण्या-मुंबईला गेलेली मुले एक वेळ दिवाळीला येणार नाहीत, पण ह्या दिवशी येतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी खोप करतात, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात. ते पाच पांडव. त्यांची व लक्ष्मीची पूजा होते, ताकात आंबविलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील शेताच्या कडेने शिंपीत जातात, आणि मग पंगत बसते. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि सगळ्यांत मुख्य ती भज्जी. ती तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि त्या हंगामातल्या मिळतील तितक्या भाज्या बेसनात शिजवून केलेला तो दाट पदार्थ. ज्याचे रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो. त्याला बोलावणे लागत नाही. जेवण झाले की काम काहीच नसते. बोरे पाडायची, झोके घ्यायचे, आडवे व्हायचे. शाळू गुडघ्याच्या वर आलेला असतो. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यातले पाणी पोटात धरून ठेवते, म्हणून पुढे पाऊस नसतानाही तो थंडीत वाढतो.

नावाविषयी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही; भाषांतरकाराची खोड. ‘वेळ’ हा ‘येळ’चा संस्कार केलेला अवतार आहे, आणि ‘येळ’ कन्नड. कोणी सांगतात ‘एळु’ म्हणजे सात. ज्येष्ठापासून मोजले तर ही सातवी अमावास्या, हे खरेच आहे. पण कर्नाटकात हिला ‘एळ्ळमावास्ये’ म्हणतात, आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ह्यांना वेगवेगळी अक्षरे आहेत, आपल्या लिपीत दोन्हींना एकच. सीमा ओलांडताना तीळ आणि सात एकमेकांत मिसळले असतील तर नवल नाही. एवढे मात्र निश्चित की आमच्या घरचा सर्वांत मराठी सण कन्नड नाव घेऊन आलेला आहे.

मुलीने हे सारे जाऊन घरमालकीणबाईंना सांगितले. त्या साठीच्या आहेत, पान खातात, आणि त्यांना कोणाचेही गुपित ठेवता येत नाही. त्यांचे माहेर हुणसूर रस्त्यावरच पुढे, येलवालजवळ; भाऊ अजून शेती करतो. त्या वर येऊन म्हणाल्या, ‘‘आमच्या शेतात या की. पाच दगड तिथेही मिळतील.’’ मामा पहिल्यांदा नको म्हणाले. परक्याच्या रानात आपला सण कसा करावा? मग येलवाल हे नाव त्यांनी पुन्हा विचारले. ‘‘विनोबांचं येलवाल?’’ १९५७ च्या सप्टेंबरात ग्रामदानाचा विचार करण्यासाठी जी परिषद भरली, जिला पंतप्रधान नेहरू आणि निरनिराळ्या पक्षांचे पुढारी आले होते, ती ह्याच येलवालला. आम्ही इतकी वर्षे त्या गावावरून बसने जात होतो, पण हे आमच्या ध्यानात नव्हते. विनोबांच्या नावाने मामांचा होकार मिळाला.

ह्यांनी रजा काढली. मुलीला सुट्टी होती. भज्जी मी पहाटे उठून केली. ओल्या तुरीबरोबर इकडची अवरे घातली. अवरे म्हणजे पावट्याची जात. थंडीत म्हैसूरच्या बाजारात तिचे ढीग लागतात, आणि शेंगेवरचा तेलकट वास, ज्याला कन्नडमध्ये ‘सोगडु’ म्हणतात, हाताला दिवसभर राहतो. दहाच्या सुमारास आम्ही शेतावर पोचलो.

नाचणीची कापणी झालेली होती, पेंढ्यांच्या गंजी उभ्या होत्या. बांधावर तूर, एका कोपऱ्यात अवरे, आणि करंजाचे एक मोठे झाड. मामांनी चपला काढल्या. तांबड्या मातीचे एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडले, वास घेतला, आणि म्हणाले, ‘‘ही पाणी धरायची नाही.’’ नंतर त्यांनी आम्हाला कोणाला काही विचारले नाही. कडबा नव्हता, तर नाचणीच्या पेंढ्या मागून घेतल्या. ह्यांना त्या कशा उभ्या करायच्या ते दोनदा सांगितले, दोन्ही वेळा ह्यांचे चुकले, तेव्हा त्यांच्या हातातून घेऊन स्वतः खोप बांधली. वर्षभरात प्रथमच त्यांनी आपल्या मुलाला, ‘‘हो बाजूला’’ म्हटले. मी ते ऐकले आणि मला फार बरे वाटले.

दगड मुलीने गोळा केले. चुना आणायचे मात्र मी विसरले होते. मालकीणबाईंनी कमरेची चंची सोडली आणि पानाचा चुना पुढे केला. मुलगी बोटाने दगड रंगवू लागली. हे पाच कोण, असे मालकीणबाईंनी कन्नडमध्ये विचारले. मी भाषांतर करण्यासाठी तोंड उघडले, तोच मामा बोलले. धर्मराज, भीम, अर्जुन अशी नावे सांगून, हे दर वर्षी पिकाची राखण करतात, इतके सगळे ते कन्नडमध्ये बोलले. अडखळत, पण बोलले.

‘‘कन्नड गोत्ता?’’ मालकीणबाईंनी डोळे मोठे करून विचारले.

‘‘स्वल्प गोत्तु,’’ मामा म्हणाले. थोडे कळते.

मी ह्यांच्याकडे पाहिले. त्यांना काहीच नवल वाटलेले नव्हते. ‘‘बिदरच्या बाजारात बैल घ्यायला जात ते,’’ हे म्हणाले, ‘‘तिकडं कन्नडशिवाय कसं चालेल?’’ लग्नाला बारा वर्षे झाली. हे मला सांगावे असे ह्यांना कधी वाटले नव्हते. मामांचे म्हणणे असे की इकडची कन्नड कानाला निराळी लागते, आपली ऐकून लोक हसतील, म्हणून गप्प होतो. आणि मालकीणबाई खरोखरच हसल्या. मोठमोठ्याने, पदर तोंडाला लावून. मुलीचे तर डोळे विस्फारले होते. आजोबांच्या बिदरी कन्नडमधल्या चुका तिने लगेच सुधारावयास घेतल्या. इथे आजोबांना ‘तात’ म्हणतात, असे ती म्हणाली. आमच्या बाजूला ‘मुत्त्या’ म्हणतात, असे त्यांनी सांगितले. तिला तो शब्द इतका आवडला की दिवसभर ती मुत्त्या, मुत्त्या करीत त्यांच्यामागून हिंडली. दुभाष्याला कोणी विचारीना. मी करंजाखाली बसून राहिले आणि पावसाळ्यातली ती संध्याकाळ, जिन्यातले ते वाक्य, माझे भाषांतर आणि मामांचे ‘‘बरं’’ हे सगळे माझ्या मनात पुन्हा एकदा क्रमाने येऊन गेले.

पंगतीला मालकीणबाईंचे भाऊ-भावजय आले. त्यांनी नाचणीची ‘अंबलि’ आणली होती, आमची ज्वारीची आंबील. दोन्ही भांडी शेजारी ठेवल्यावर कोणती कोणाची हे चव घेतल्याशिवाय सांगता आले नसते. वाढायला मामा उभे राहिले. आग्रह करून वाढीत होते. सज्जात जपून बसणारा पाहुणा कुठल्या कुठे गेला होता. दुसऱ्याच्या रानात, उसन्या पेंढ्यांच्या खोपीपुढे, यजमान तेच होते.

दुपारी काहीच घडले नाही, आणि खरे तर मला त्याच दुपारविषयी लिहायचे आहे. पण काही न घडलेल्याचे वर्णन कसे करावे? ऊन करंजाच्या सावलीला हळूहळू सरकवीत होते. मुलगी झोपली, उठली, बांधावर काहीतरी खणत बसली. ह्यांनी मनगटावरचे घड्याळ मघाशी हात धुताना काढून ठेवले होते, ते तसेच राहिले. भावजयबाईंनी अवऱ्याच्या शेंगांची एक पाटी आमच्यापुढे आणून ठेवली, आणि बापलेक दोघे ती सोलावयास बसले. समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी, दोघांची तोंडे रानाकडे. जेवणाच्या मेजावर दोन माणसांना एकमेकांकडे पाहावे लागते, नाहीतर पाहणे टाळावे लागते. शेंगा सोलताना दोन्हींची गरज नसते. अर्धी पाटी झाल्यावर मामाच म्हणाले, ‘‘तुला घर घ्यायचंय ना?’’

हे काही वेळ सोलत राहिले. मग ‘‘हो’’ म्हणाले.

‘‘रान विकल्यावर पुरतील का पैसे?’’

‘‘सगळं नको. अर्धं विकलं तरी भागेल. कर्ज काढीन बाकीचं.’’

‘‘विहिरीकडचं विकायचं नाही.’’

‘‘विहिरीकडचं नाही.’’

पुन्हा बराच वेळ फक्त शेंगा फुटल्याचा आवाज. नंतर मामांनी विचारले, ‘‘त्या घराला खिडकीतून माती दिसते का कुठं?’’ ह्यांनी सांगितले की दिसत नाही, पण तळमजल्याची एक जागा आहे, तिच्यापुढे दोन हात जमीन आहे; थोडी महाग पडते. मामा म्हणाले, ‘‘ह्या साली तूर निघू दे. मग बघू.’’ एवढेच. तेरा महिने घरात जे बोलता आले नव्हते, ते पाटीभर शेंगांच्या वेळात बोलून झाले. भांडण मिटले असे मी म्हणणार नाही, कारण भांडण झालेलेच नव्हते.

सूर्य कलल्यावर आम्ही निघालो. बसमध्ये मुलगी आजोबांच्या मांडीवर डोके ठेवून त्यांना कन्नड शिकवीत होती आणि ते मुद्दाम चुकत होते, असा मला संशय आहे. माझे ते जिन्यातले भाषांतर मी अजून दुरुस्त केलेले नाही. करावे असे एक-दोनदा मनात आले. पण मामा सज्जातली खुर्ची आता भिंतीकडे नव्हे, जिन्याकडे तोंड करून ठेवतात, आणि मुले वर-खाली जाताना त्यांना थांबवून काहीबाही विचारतात, हे पाहून मी गप्प राहते.

पाच दगड आम्ही करंजाखाली तसेच ठेवून आलो होतो. पुढच्या पेरणीपूर्वी त्यांचे काय करायचे, हे विचारायला आम्ही विसरलो. उन्हाळ्यात एकदा मालकीणबाई माहेरी जाऊन आल्या, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितले: भाऊ नांगरताना तेवढ्याला वळसा घालतो.